दम कुणाचा मोठा?

माणसाला जगायला अन्न, वस्त्र आणि निवारा लागतो असं आम्हांला शाळेत शिकवलं होतं. चौथी गोष्ट शिकवली नव्हती, कारण ती कुणाला शिकवावीच लागत नाही. ती म्हणजे वाद. आणि सगळ्या वादांचा राजा म्हणजे ‘सगळ्यांत मोठा कोण’ हा वाद. मोठा गवई कोण, मोठा नट कोण, मोठा फलंदाज कोण, आंब्यात हापूस मोठा की केशर! या वादाचं एक बरं असतं. त्याचा निकाल लागत नाही. तसा तो कोर्टातल्या वादाचाही लवकर लागत नाही, पण तिथं दर तारखेला वकिलाला पैसे मोजावे लागतात. इथं फार तर चहा सांगावा लागतो.

हे मी अधिकारवाणीनं बोलतो आहे, कारण माझी सासरवाडी तलवाड्याची. तलवाडा म्हणजे बीड जिल्ह्यातलं, गेवराई तालुक्यातलं. गावात त्वरितादेवीचं देऊळ आहे. त्वरिता म्हणजे भक्ताच्या हाकेला त्वरित धावून येणारी. आता देवीनंच सगळी त्वरा स्वतःकडे घेतल्यामुळे की काय, बाकी गावात कुणालाच कसली घाई नाही. पाऊस, वीज आणि नळाचं पाणी, तिघंही आपापल्या सवडीनं येतात. या भागात एखाद्या गोष्टीचा कायमचा निकाल लागला तो १७६३ साली. याच तालुक्यात, गोदावरीकाठी राक्षसभुवनला, थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला. त्यानंतर जे जे वाद निघाले ते सगळे माझ्या सासऱ्यांच्या ओट्यावर अजून चालू आहेत.

माझे सासरे म्हणजे तात्या. ऐंशी पार केली आहे, पण आवाज तीस वर्षांचा आहे. ओट्यावरच्या वादात माझी जागा ठरलेली आहे. जावयाला मत नसतं, त्याला फक्त चहा असतो. एका बाजूला मान हलवली की दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात, “काय जावईबापू, तुम्हीबी?” म्हणून मी मान गोल फिरवण्याचा सराव केला आहे. पाहणाऱ्याला वाटतं, पाव्हण्यांची मान अवघडलीय.

गेल्या दिवाळीत ओट्यावर जो वाद पेटला तो कबड्डीचा होता. प्रश्न सोपा होता. कबड्डीतला आजवरचा सगळ्यांत मोठा चढाईपटू कोण?

कबड्डी ही काय चीज आहे ते मराठी वाचकाला सांगायला नको. तरी ज्यांचं बालपण तिसऱ्या मजल्यावर गेलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समोर सात गडी उभे असतात. त्यांच्या अंगणात एकट्यानं जायचं, तोंडानं ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत दम टिकवायचा, जमेल तितक्यांना शिवायचं आणि दम सुटायच्या आत मध्यरेषेला परत यायचं. वरवर पाहता हा वेडेपणा आहे. सात जण पकडायला टपलेले असताना आपण होऊन त्यांच्यात जाणारा माणूस मी दुसऱ्या एकाच ठिकाणी पाहिलेला आहे, तो म्हणजे लग्नाच्या मांडवात.

आपल्याकडे पूर्वी या खेळाला हुतूतू म्हणत. बंगालात हाडूडू म्हणत आणि दक्षिणेत चेडुगुडू. नावं ऐकलीत तर लक्षात येईल की सगळ्या देशाचं एका बाबतीत एकमत होतं. धापा टाकताना माणसाला जे सुचेल तेच खेळाचं नाव. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी थेट बर्लिनला गेली आणि ऑलिंपिकच्या वेळी तिथं आपल्या देशी खेळांचं प्रात्यक्षिक करून आली. त्यातही हुतूतू होता. पुढं १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला जागा मिळाली आणि तिथून २०१४ पर्यंत लागोपाठ सात सुवर्णपदकं भारतानं आणली. २०१८ साली जाकार्ताला मात्र इराणनं आपल्याला उपांत्य सामन्यात पाडलं. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. सासूबाईंनी खिचडी केली होती, एवढंच एक कारण त्यामागं नव्हतं.

तर आता पक्षांची ओळख करून देतो.

पहिला पक्ष तात्यांचा. याला माती पक्ष म्हणू. या पक्षाचं म्हणणं असं की, खरी कबड्डी मातीत होती, ती गादीवर आली तेव्हाच संपली. “गादी झोपायला असती, खेळायला नाही,” हे या पक्षाचं ब्रीद. पूर्वी चढाईला घड्याळ नव्हतं. गड्याचा दम हेच घड्याळ. आता तीस सेकंदांत परत यावं लागतं. तात्या म्हणतात, “तीस सेकंदात तर आमच्या वेळचा गडी नुसती माती कपाळाला लावायचा!” तात्यांची थोरांची यादी तयार असते. सदानंद शेट्ये, शांताराम जाधव, शकुंतला खटावकर, अशोक शिंदे, राजू भावसार. सगळी अर्जुन पुरस्कार मिळवलेली माणसं. या यादीत चढाईचे कोण आणि पकडीचे कोण असं कुणी विचारलं की तात्या म्हणतात, “मोठा गडी तो मोठा गडी. चढाई आन् पकड वेगळी केली तव्हाच तर वाटोळं झालं.”

दुसरा पक्ष गुरुजींचा. गुरुजी गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचा नोंद पक्ष. जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही, असं त्यांचं मत. रामायण घडलं, कारण ते लिहिलेलं आहे. गुरुजींचा माणूस म्हणजे अनुप कुमार. थंड डोकं, चेहऱ्यावर रेघ हलत नाही, आणि समोर सहा किंवा अधिक गडी असले की हळूच पाय टाकून बोनस रेषेपलीकडचा एक गुण घेऊन येणार. गुरुजींना हे फार आवडतं, कारण यात बचत आहे. २०१४ च्या इंचॉनच्या अंतिम सामन्यात आपण इराणला २७-२५ असं हरवलं आणि २०१६ ला अहमदाबादेत विश्वचषक जिंकला, दोन्ही वेळा संघात अनुप होता. “सत्तावीस उणे पंचवीस किती?” गुरुजी विचारतात. सगळे म्हणतात, “दोन.” “मग एकेका गुणाला काय किंमत असते ती बघा!” गुरुजींशी वाद घालताना मधेच आपण वर्गात बसलो आहोत असं वाटायला लागतं आणि माणूस आपोआप बोटांना शाई शोधतो.

तिसरा पक्ष टीव्हीवाल्यांचा. याचा पुढारी माझ्या मेहुण्याचा धाकटा मुलगा. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा हा पोरगा पाळण्यातून नुकताच उतरला होता, त्यामुळे त्याला कबड्डी ही मुळातच दिव्यांच्या झगमगाटात, इंग्रजी गाण्यांवर खेळायची गोष्ट वाटते. त्याचा देव प्रदीप नरवाल. हरियाणाचा. समोरच्या गड्यांची साखळी आवळत आली की हा तिच्याखालून असा वाकून निसटायचा की त्या डावाचं नावच त्याच्या नावाशी जोडलं गेलं, ‘डुबकी’. २०१७ च्या एका हंगामात त्यानं चढाईचे ३६९ गुण घेतले आणि पाटण्याच्या संघाला लागोपाठ तिसऱ्यांदा अजिंक्यपद मिळालं. प्रो कबड्डीत त्याच्या चढाईच्या गुणांनी अठराशेचा आकडा ओलांडला.

“आणि एका चढाईत आठ गुण, तात्या! एका चढाईत!”

“आठ?” तात्या उसळले. “मैदानात गडी सात असत्यात. आठवा कोण, पंच का?”

गुरुजींनी समजावलं की लोण चढला की त्याचे दोन गुण वेगळे मिळतात. “मंजी दोन फुकटचे,” तात्या म्हणाले आणि मनातल्या मनात त्यांनी प्रदीपचे अठराशे गुण चौदाशेवर आणून ठेवले.

“आणि पवन सेहरावत? २०१९ ला एका सामन्यात ३९ गुण! २०२२ च्या लिलावात दोन कोटी सव्वीस लाख!”

हा आकडा ओट्यावर पडला की नेहमी थोडी शांतता होते. दोन कोटी सव्वीस लाख हे एका माणसाचे, आणि तेही शिवून परत येण्याचे, हे पचायला वेळ लागतो. मग कुणीतरी आपल्या मराठी मुलखाची बाजू सावरतो. कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ साली एक कोटी पंचेचाळीस लाख मिळाले होते, आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या कर्णधारपदाखाली पुण्याच्या संघानं २०२४ साली प्रो कबड्डी जिंकली. नगर म्हणजे शेजार. शेजाऱ्याचं कौतुक करताना आवाज जरा खाली आणावा लागतो, तेवढा आणून सगळे पुढं जातात.

“आणि मग त्या प्रदीपचं पुढं काय झालं?” तात्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

पोरगा पडलेल्या आवाजात म्हणाला, “२०२५ च्या लिलावात कुणी घेतलं नाही. निवृत्त झाला.”

“अठराशे गुण,” तात्या म्हणाले, “आन् बाजारात उभा केला तर गिऱ्हाईक नाही. बैलाचं बी असंच असतंय.” पण हे म्हणताना त्यांना विजयाचा आनंद झालेला दिसला नाही. ते उगाच पानाचा डबा उघडून बंद करत राहिले.

इतक्यात सासूबाई फराळाची ताटं घेऊन बाहेर आल्या. आमच्या सासूबाई वादात भाग घेत नाहीत, फक्त तो मिटवतात. “बायका न्हाई खेळत का कबड्डी?” त्यांनी विचारलं. २०१२ साली पाटण्याला महिलांचा विश्वचषक भारतानं जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे. सरकारनं तिघींना एकेक कोटी रुपये दिले. हे सासूबाईंना तोंडपाठ आहे. “तुमच्यापैकी कुणाला काय दिलंय सरकारनं?” असं म्हणून त्यांनी तात्यांच्या ताटात चकली वाढली आणि आत गेल्या. ओट्यावर बराच वेळ फक्त चकल्यांचा आवाज येत होता.

वाद इथंच थांबला असता, पण या वेळी एक चौथा पक्ष आला होता. मेहुण्याचा थोरला मुलगा. तो अकरा वर्षं अमेरिकेत, डॅलस शहरात आहे. तीन वर्षांनी दिवाळीला आला होता. येताना सगळ्यांना चॉकलेटं, तात्यांना रक्तदाबाचं यंत्र आणि मला एक टोपी आणली होती. तो म्हणाला, “आमच्याकडंही अगदी हाच वाद असतो. फुटबॉलमधला सगळ्यांत मोठा रनिंग बॅक कोण?”

“तो काय असतो?” गुरुजींनी विचारलं.

मग त्यानं ओट्यावर डाळिंबाचे दाणे मांडून अमेरिकन फुटबॉल समजावला. त्याला फुटबॉल म्हणतात, पण पाय क्वचितच लावतात. चेंडू असतो, पण तो गोल नसतो. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला गाद्या. (“हितंबी गाद्याच!” तात्या पुटपुटले.) चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. रनिंग बॅक म्हणजे तो चेंडू काखेत धरून समोरच्यांच्या गर्दीतून घुसणारा, वळणारा, निसटणारा गडी.

“मंजी चढाईवालाच की!” तात्या म्हणाले. “फकस्त हातात नारळ दिलाय.”

तिथल्या वादाचे पक्षही आमच्या ओट्यासारखेच निघाले. एक जुन्यांचा पक्ष. त्यांचा जिम ब्राऊन. १९५७ ते १९६५, नऊ हंगाम, त्यांतल्या आठांत सगळ्यांत जास्त पळालेला तोच. एकही सामना चुकवला नाही. आणि ऐन भरात, तिशीत, १९६६ साली इंग्लंडात एका सिनेमाचं चित्रीकरण चालू असताना खेळ सोडला तो सोडलाच. (“शिनेमात गेला मंजी बिघडलाच,” आतून सासूबाईंचा आवाज आला.) दुसरा आकड्यांचा पक्ष. त्यांचा एमिट स्मिथ, डॅलसचाच. पंधरा वर्षांत १८,३५५ यार्ड, हा आजवरचा सगळ्यांत मोठा आकडा. आणि तिसरा पक्ष डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांचा. त्यांचा बॅरी सँडर्स. बुटका, पण असा गिरकी घ्यायचा की पकडणारे एकमेकांच्या गळ्यात पडायचे. त्याला विक्रम मोडायला १,४५७ यार्ड उरले होते, म्हणजे एका चांगल्या हंगामाचं काम. तर १९९९ साली त्यानं गावाकडच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवला की मी खेळणं थांबवतोय. बस्स.

“फॅक्स म्हणजे लेखी नोंद आहे,” गुरुजी समाधानानं म्हणाले. मग त्यांनी खिशातून पेन काढून तळहातावर हिशेब मांडला. “अठरा हजार तीनशे पंचावन्न यार्ड म्हणजे झाले सोळा किलोमीटर आणि वर सातआठशे मीटर. पंधरा वर्षांत!”

ओट्यावर हशा उसळला. “पंधरा वर्सांत सतरा किलोमीटर?” तात्या म्हणाले, “आरं, आपला आबा कारखान्यावर एका दिसात इतकं चालतो, डोक्यावर मोळी घिऊन!”

आता आबांविषयी सांगायला हवं. आबा ओट्याच्या खालच्या पायरीवर, खांबाला टेकून बसतात. वर बसा म्हटलं तर बसत नाहीत. सत्तरी उलटलेली. उभी हयात ऊसतोडीत गेली. बीड जिल्ह्यात दिवाळी झाली की टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथं कारखान्याचं धुराडं पेटेल तिथं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता म्हणून वहीत लिहिली जातात. माणसं दोन, नाव एक, आणि तेही अवजाराचं. गाव निम्मं रिकामं होतं ते पाडव्याच्या पुढंमागं भरतं.

आणि तात्यांच्या मते जगातला सगळ्यांत मोठा चढाईपटू म्हणजे शेट्ये नव्हेत, जाधव नव्हेत, प्रदीप तर नव्हेच. तो म्हणजे हे आबा.

ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकतो आहे. पंचेचाळीस एक वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गावात स्पर्धा होती. अंतिम सामना. तलवाडा मागं होतं, अंगणात एकटे आबा उरले होते. आणि बाहेर टोळीचा ट्रक भरून उभा, मुकादम हॉर्न वाजवतोय. आबांनी दम भरला, आत शिरले, समोरचे गडी शिवत शिवत, अंगावर एक जण लोंबकळत असताना मध्यरेषा गाठली, आणि तशीच धाव पुढं चालू ठेवून ट्रकच्या फाळक्यावर उडी घेतली. बक्षीस घ्यायलासुद्धा थांबले नाहीत. तांब्या-पेला होता, तो त्यांच्या वतीनं तात्यांनी घेतला आणि पाडव्याला दिला.

माझ्या पहिल्या दिवाळसणाला या गोष्टीत बाद झालेले गडी चार होते. मोठा मुलगा झाला तेव्हा पाच. बाबरी-बिबरी सगळी धामधूम उलटून टेलिफोन घरात आला तेव्हा सहा. अलीकडं सात. सातानंतर तात्यांची जरा पंचाईत झाली, कारण मैदानात गडीच संपले. म्हणून दोन वर्षांपासून पंचाची टोपीही पडायला लागली आहे.

गुरुजी दर वर्षी विचारतात, “नोंद कुठं आहे?” आणि दर वर्षी तात्या गप्प होतात. कारण नोंद नाहीच. त्या साली आबांचं नाव एकाच वहीत लिहिलेलं होतं, मुकादमाच्या. तिथं उचल किती आणि फिटली किती एवढंच लिहितात. दम किती, हा रकाना त्यात नसतो.

या सगळ्या वेळात आबा कधी बोलत नाहीत. पण त्या दिवशी बोलले. डाळिंबाच्या दाण्यांकडं बराच वेळ बघत होते. मग अमेरिकेच्या पोराला म्हणाले, “लेकरा, ह्यो तुमच्याकडला गडी नारळ घिऊन पळतो, ते कुटवर?”

“शेवटच्या रेषेपर्यंत, आबा. तिथं पोचला की गुण.”

“आन् माघारी कव्हा येतो?”

“माघारी नाही यायचं. पुढंच जायचं.”

आबांनी विचार केला. “मग घरी कोन येतं?” त्यांनी विचारलं.

त्यांनी खेळाविषयीच विचारलं होतं. माणूस सरळ आहे, त्यांच्या बोलण्याला अस्तर नसतं. पण ओट्यावर एकदम सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. तात्यांनी पानाचा डबा उघडला. आत सासूबाईंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. अकरा वर्षं डॅलसला असलेला मुलगा डाळिंबाचे दाणे एकेक करून गोळा करायला लागला. मी माझी ती सुप्रसिद्ध गोल मान फिरवायला गेलो, पण ती कुठल्या बाजूला न्यावी ते कळेना.

शेवटी गुरुजी बोलले. त्यांना शांतता सहन होत नाही, वर्गात शांतता असली की पोरं काहीतरी उद्योग करताहेत असं त्यांना वाटतं. “आबा,” ते म्हणाले, “तुमच्या नातवाचं काय ठरलं?”

आणि मग मला कळलं की गुरुजी दोन तास अनुप कुमारच्या नावानं जे चाचपडत होते ते हे होतं. आबांचा नातू अकरावीला आहे. शाळेच्या संघात चढाई करतो. गुरुजींच्या मते असा पाय त्यांनी कधी पाहिला नाही, आणि गुरुजी मतं फुकट वाटत नाहीत. दिवाळीनंतर पुढच्या फेरीचे सामने होते. पण आबांच्या मुलानं यंदा उचल जास्त घेतलेली, सुनेचं कंबरेचं दुखणं, कोयता अर्धा पडला. म्हणून पोरानं टोळीबरोबर जायचं ठरत होतं. चौथ्या दिवशी गाडी निघणार होती.

“जाऊ द्या की,” आबा म्हणाले. “म्या बी गेल्तो.”

“तुम्ही गेलात म्हणून तर चाळीस वर्षं मी याच्याशी भांडतोय!” गुरुजी तात्यांकडे बोट दाखवून ओरडले. इतक्या वर्षांत गुरुजींचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला. “नोंद कुठाय, नोंद कुठाय म्हणून! मला काय हौस आहे? सही-शिक्क्याचा एक कागद असता तर मीच डोक्यावर घेऊन नाचलो असतो!”

त्यानंतर जो वाद झाला त्याला वाद म्हणणं बरोबर नाही, तो व्यवहार होता. कोयत्याचं काय करायचं? पोरगं राहणार कुठं? लहान मुलांना शाळेची हंगामी वसतिगृहं असतात, पण हा अकरावीचा. खाणार काय? त्याच्या वाट्याच्या मजुरीचं काय? एकेक प्रश्न ओट्यावर येत होता आणि कुणीतरी त्याला शिवून परत येत होतं. गुरुजींनी अभ्यास घेतला. मेहुण्यानं मुकादमाशी बोलायचं घेतलं. अमेरिकेचा मुलगा काहीतरी बोलायला लागला तेव्हा तात्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“ऱ्हाईल हितंच,” तात्या म्हणाले. “वरची खोली रिकामीच हाय.”

ती खोली थोरल्या नातवाची. अकरा वर्षं ती रोज झाडली जाते आणि तिला कुलूप नसतं. कुणाला उतरू दिलेलं मी पाहिलं नाही. जावयालासुद्धा खालीच, पंख्याखाली गादी घालतात. मुलानं तात्यांकडं बघितलं. मग म्हणाला, “माझं टेबल आहे वर. त्याचा एक पाय हलतो. मी उद्या ठोकून देतो.” त्यानं खरंच दुसऱ्या दिवशी ते ठोकलं. डॅलसला त्याच्या हाताखाली वीस इंजिनिअर काम करतात म्हणे. टेबलाला दोन तास लागले.

आतून सासूबाई म्हणाल्या, “आबा, सकाळीच आणून सोडा त्याला. आन् खायला काय आवडतं ते सांगा.” म्हणजे हुकूमनाम्यावर शिक्का पडला.

आबा काही बोलले नाहीत. धोतराच्या सोग्यानं त्यांनी चेहरा पुसला, तो घाम होता असं आपण धरून चालू. फक्त एक अट तात्यांनी घातली. पोरानं रोज रात्री जेवणानंतर आजोबांच्या चढाईची गोष्ट ऐकायची. सात गड्यांसकट.

तिथं गुरुजी उठले. त्यांनी शबनममधून एक कोरी वही काढली. बहुधा बऱ्याच दिवसांपासून बरोबर बाळगत असावेत. पहिल्या पानावर ओळी आखल्या. तारीख, सामना, गडी, चढाया, गुण. “आजपासून तलवाड्याची नोंद ठेवायची,” ते म्हणाले. “नातवाचं पुढच्या पानापासून. पण पहिलं पान आजोबाचं. आबा, तुमच्या तोंडून सांगा. साक्षीला सगळे आहेत. त्या चढाईत गडी किती बाद झाले?”

सगळा ओटा पुढं वाकला. टीव्हीवाला पोरगा, अमेरिकेचा पोरगा, दारात सासूबाई. तात्यांनी श्वास धरला होता. जुन्या नियमांनी तो दम चांगला दोन मिनिटांचा भरला असता.

आबांनी डोकं खाजवलं. प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला.

“दोन,” ते म्हणाले. “आन् तिसरा आपल्या आपन घसरला.”

गुरुजींनी पेन टेकवलं. तात्या ताडकन उभे राहिले.

“लिहू नका, गुरुजी!” ते गरजले. “त्याला काय कळतंय त्यातलं!”